धुमारे मोजायचे कसे? फिल्डवर पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

दरवर्षी पावसाच्या तोंडावर एक-दोन जण तरी विचारतातच, की ताई एमएस्सीच्या प्रोजेक्टला झाडांची वाढ मोजायची आहे, टेप घेतलाय, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) मागवलाय, आता पुढे काय. आणि मी दरवेळी तेच तेच सांगत बसते, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. हे माझ्या अनुभवातून आलेलं आहे, पुणे जिल्ह्यातल्या मुळशी-वेल्हे भागात मी राबासाठी तोडलेल्या झाडांवर काम केलंय, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येणार. तुमचं काम कारवीवर असो, घाणेरीवर असो की गवतावर, पद्धत बरीचशी तीच लागते.

ज्यांना राब माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेतकरी झाडांच्या पाल्यासकट फांद्या, शेण, गवत असं पसरून उन्हाळ्यात भाजतात. त्याच्यासाठी हिवाळ्यापासून शिमग्यापर्यंत ऐन, किंजळ, नाणा अशा झाडांचं कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडलं जातं. खोड उभंच राहतं, बाजूच्या फांद्या जातात, झाड अगदी खराट्यासारखं दिसायला लागतं आणि मग त्याच खोडावर, फांद्यांच्या थोटकांजवळ, धुमारे म्हणजे नवे कोंब फुटतात. आपल्याला हेच मोजायचंय. फुकटचा प्रयोग आहे हा, शेतकऱ्याने आधीच करून ठेवलेला, आपण फक्त वही घेऊन जायचं. स्वतः कोयता घेऊन जंगलातलं झाड तोडायला जाऊ नका, परवानगीशिवाय तर अजिबातच नाही. मालकीच्या रानात मालकाला विचारा, अभयारण्य किंवा राखीव जंगल असेल तर वनविभागाचं पत्र आधी हातात हवं, आणि ते पत्र यायला वेळ लागतो हे धरूनच प्लॅन करा.

आधी ठरवा, वाढ मोजताय की परत फुटणं

हे दोन वेगळे आहेत आणि निम्मे गोंधळ इथेच होतात. वाढ म्हणजे तेच झाड, आज एवढं, सहा महिन्यांनी एवढं. परत फुटणं म्हणजे झाडाचं काहीतरी गेलंय (तोडलं, जळलं, चरलं) आणि त्यानंतर ते किती सावरलं. पहिल्यात दोन आकडे लागतात. दुसऱ्यात तीन: किती होतं, किती गेलं, किती परत आलं. लोक तिसराच मोजून येतात आणि मग म्हणतात डेटा काहीच बोलत नाही. कसा बोलेल, त्याला तुम्ही सुरुवातच सांगितली नाहीये.

खरं तर आपल्या भाषेत यासाठी शब्दांची चंगळ आहे. ऊस तोडल्यावर येतो तो खोडवा, त्याच्यानंतरचा निडवा, केळीला मुनवे, भाताला फुटवे, झाडाला धुमारे. म्हणजे कुठून फुटलं आणि कितव्यांदा फुटलं हे शेतकऱ्याने शब्दातच बांधून ठेवलंय. रिसर्चमध्ये पण पहिला प्रश्न हाच असतो, की डोळा (जिथून नवा कोंब फुटतो तो) कुठे आहे? खोडावर वरती सालीखाली दडलेला, बुंध्याशी जमिनीलगत, की जमिनीच्या आत मुळावर किंवा गड्ड्यावर? राबाच्या झाडाला खोडावरच फुटतं. पळस मुळांवरून पण लांब लांब फुटवे काढतो आणि तुम्हाला वाटतं अरे वा किती रोपं आलीत, ती रोपं नसतात, थोडं उकरून बघा. वणव्याने वरचं सगळं गेलं तर मग जमिनीतला डोळाच कामाला येतो. म्हणून डेटाशीटवर पहिला कॉलम ‘कुठून फुटलं’ हा करा: खोड, बुंधा, मूळ. तीन अक्षरी कोड ठेवा, उगाच निबंध नको.

सामान

फार काही लागत नाही. शिंप्याचा टेप चालतो पण तो ताणला जातो, एका वर्षात दोन-तीन मिलिमीटरने फसवतो, म्हणून फायबर ग्लासचा किंवा स्टीलचा घ्या. व्हर्नियर डिजिटल असेल तर पावसात डिस्प्ले जातो, मी साधाच वापरते. ॲल्युमिनियमचे टॅग, ॲल्युमिनियमचे खिळे, ऑइल पेंट, पेन्सिल (पेन नको, जूनमध्ये सगळी शाई वाहून जाते), कागदी पाकिटं, एक जाड कापड, झिपलॉक पिशव्या, आणि मोबाईलला पाऊच. खिळा पूर्ण ठोकायचा नाही, अर्धा बाहेर ठेवायचा, नाहीतर झाड वाढतं आणि टॅग गिळून टाकतं. आणि जिथे घेर मोजायचा त्या जागेपासून खिळा लांब, कारण खिळ्याभोवती साल फुगते.

रंगाचं सांगायचं तर आमच्याकडे पावसाळ्यात सालीवर शेवाळ असं काही चढतं की ऑक्टोबरमध्ये पट्टा शोधत बसावं लागतं. दरवेळी गेलात की पुसून परत रंगवा.

शून्य दिवस

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

परत फुटण्याचा वेग काढायचा तर तोडल्याची तारीख पाहिजे. आणि ती तारीख तुम्हाला कोणीही आकड्यात सांगणार नाही. पहिल्या वर्षी मी प्रश्नावली घेऊन गेले होते, त्यात छापलेलं, ‘तोडणीचा दिनांक’. एका काकांना विचारलं तर ते हसले, म्हणाले, “ताई, तारीख कोण लिहितंय? शिवरात्र झाली, त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी आमी वर चढलो.” बस. तीच तारीख. कालनिर्णय उघडायचं, महाशिवरात्र बघायची, अधिक दोन-तीन दिवस. तेव्हापासून मी विचारतेच तसं, की शिवरात्रीच्या आधी का नंतर, शिमग्याची होळी पेटली तेव्हा फांद्या वाळल्या होत्या का ओल्या, गावच्या जत्रेच्या आधी का. एवढ्यावरून आठवड्याच्या आत-बाहेर तारीख मिळते, आणि त्या तारखेपुढे मी ‘अधिक-उणे ३ दिवस’ असं पण लिहिते. दोन वेगवेगळ्या माणसांना विचारलं तर अजून चांगलं, नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं तर सगळ्यात चांगलं, बायकांना तारखा जास्त पक्क्या आठवतात असा माझा अनुभव आहे, कारण भारे त्यांनीच वाहिलेले असतात.

शून्य दिवसाला फक्त तारीखच नाही, किती गेलं हे पण लिहायचं. याच्यासाठी फांद्यांची थोटकं मोजा. तोडलेल्या जागेचा व्यास व्हर्नियरने घ्यायचा, प्रत्येक थोटकाचा. जितकं थोटूक जाड तितकी गेलेली फांदी मोठी, हा हिशोब बऱ्यापैकी जमतो. शिवाय दोघांनी एकमेकांना न सांगता अंदाज लिहायचा की पसाऱ्याचा किती टक्के गेलाय, आणि मग सरासरी. दोघांच्या अंदाजात वीस टक्क्यांच्या वर फरक आला तर परत बघायचं. जवळपास त्याच जातीचं, साधारण त्याच घेराचं, न तोडलेलं झाड पण टॅग करून ठेवा. त्याच्याशिवाय तुमच्या धुमाऱ्यांच्या वाढीला काही अर्थ नाही, पाऊस चांगला झाला म्हणून वाढले का तोडलं म्हणून वाढले हे कसं कळणार.

फोटो काढताना एकाच जागेवरून, एकाच दिशेने, झाडाला एक काठी टेकवून. ती काठी एक मीटरची असली की पुढे कधीही स्केल मिळतो.

घेर

जगात बहुतेक ठिकाणी छातीच्या उंचीला म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात. आपल्याकडे वनखात्यात १.३७ मीटर चालतं, कारण ती जुनी साडेचार फुटांची सवय आहे. कुठलंही घ्या, पण एकच घ्या आणि लिहून ठेवा. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूला उभं राहून उंची मोजायची. १.३ च्या खालीच दुभंगलं असेल तर दोन्ही खोडं वेगळी मोजायची आणि एकाच झाडाचे दोन असं लिहायचं. बरोबर त्या उंचीला गाठ असेल तर जरा वर सरका, आणि किती वर सरकलात ते पण लिहा, कारण पुढच्या वर्षी तुम्ही असाल की नाही माहीत नाही, दुसरं कोणीतरी जाईल आणि गाठीवर मोजेल.

घेराला ३.१४ ने भागलं की व्यास. ६३ सेंमी घेर म्हणजे साधारण २० सेंमी व्यास. एवढं सगळ्यांना येतं. पण नवखे जिथे फसतात ते म्हणजे ऋतू. आपली पानझडी झाडं पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. मे महिन्यात पहिलं माप घेतलं आणि सप्टेंबरमध्ये दुसरं, तर जे दिसतं त्यात खरी वाढ किती आणि पाणी किती हे सांगता येत नाही. म्हणून वर्षाची वाढ हवी तर दरवर्षी त्याच महिन्यात, शक्यतो त्याच आठवड्यात जा. मोठ्या झाडांवर स्टीलची पट्टी आणि स्प्रिंग लावून ठेवतात, त्याला डेंड्रोमीटर बँड म्हणतात, मस्त प्रकार आहे, पण लावल्यावर पट्टी नीट बसायला काही महिने जातात, सुरुवातीचे आकडे धरू नका.

या कामाला किती चिकाटी लागते बघायचं असेल तर तमिळनाडूतल्या मुदुमलाईचा प्लॉट बघा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरचा तो प्लॉट आखला आणि त्यातलं एक सेंमीपेक्षा जाड असलेलं प्रत्येक खोड टॅग केलं, आणि तेव्हापासून ते मोजतच आहेत. तिथे उन्हाळ्यात जमिनीलगतचे वणवे वारंवार येतात, छोटी झाडं वरून जळतात आणि बुंध्यातून परत फुटतात, पुढच्या वणव्यात परत जळतात. एकदाच जाऊन बघणाऱ्याला ते एक वर्षाचं रोपटं वाटेल, आणि खाली मुळं कितीतरी जुनी असतील.

चक्रवाढ व्याज

दोन मापं आली की लोक वजाबाकी करतात आणि खूश होतात. थांबा. समजा एक धुमारा बुंध्याशी ८ मिमी होता, १२० दिवसांनी १४ झाला. दुसरा २० होता, २६ झाला. दोघं ६ मिमी वाढले. सारखेच? नाही ना. आठाचे चौदा करणं म्हणजे पाऊणपट भर घालणं, विसाचे सव्वीस म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा पण कमी. वनस्पतीची वाढ व्याजावर व्याज अशी चढते, हे ब्लॅकमन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्येच मांडलं होतं, चक्रवाढ व्याजाचा नियम असंच नाव देऊन. म्हणून नॅचरल लॉग घ्यायचा: दुसऱ्या मापाचा लॉग वजा पहिल्या मापाचा लॉग, भागिले दिवस. पहिल्याचा वेग येतो दिवसाला ०.००४७, दुसऱ्याचा ०.००२२. दुपटीपेक्षा जास्त फरक. एक्सेलमध्ये एलएन लिहा, एलओजी लिहू नका, ते दहाच्या पायाचं असतं, आणि ही चूक मी दर बॅचमध्ये एकदा तरी बघते.

मात्र छोट्या रोपाचा हा वेग मोठ्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त येतो. म्हणून दोन जातींची तुलना करताना सुरुवातीचा आकार साधारण सारखा ठेवा, किंवा आकडेवारीच्या मॉडेलमध्ये तरी घाला. नाहीतर तुम्ही जातीचा फरक म्हणून जे छापाल तो नुसता वयाचा फरक असेल.

आता धुमारे

झाडाजवळ गेलात की लगेच मोजायला लागू नका. आधी झाडाभोवती एक चक्कर मारा. खाली वाकून बुंधा बघा, मग खोड वरपर्यंत. मग ठरवा की कुठून सुरू करायचं आणि कुठल्या दिशेने जायचं, मी उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने जाते. प्रत्येक धुमाऱ्याला रंगाचा ठिपका लावत जा, नाहीतर तोच दोनदा मोजला जातो, विशेषतः किंजळीसारख्या झाडावर जिथे एका थोटकाखाली झुपकाच्या झुपका असतो.

प्रत्येक धुमाऱ्याची लांबी आणि बुंध्याचा व्यास घ्या. लांबी म्हणजे सरळ उंची नाही, धुमारा वाकलेला असतो, त्याच्या बाजूने टेप धरून टोकापर्यंत. व्यास फुटतो तिथून २ सेंमी सोडून घ्या, कारण अगदी मुळाशी तो फुगलेला असतो, आणि दोन दिशांनी दोनदा घेऊन सरासरी. कोवळा धुमारा व्हर्नियरमध्ये चेपतो, हलक्या हाताने. शेंडा खाल्लेला असेल तर वेगळी खूण करा, आमच्याकडे वानरं आणि शेळ्या दोघंही कोवळा पाला सोडत नाहीत, आणि खाल्लेल्या शेंड्याची लांबी ‘वाढली नाही’ म्हणून हिशोबात गेली तर गेलं सगळं.

चाळीस-पन्नास धुमारे असतील तर सगळ्यांची लांबी घेणं अशक्य आहे, मान्य. मग संख्या सगळ्यांची, व्यास सगळ्यांचा (तो पटकन होतो), आणि लांबी फक्त सर्वात लांब तीन आणि डोळे मिटून निवडलेल्या पाचांची. डोळे मिटून म्हणजे खरंच चिठ्ठ्या टाकून, तुम्हाला हात पोचतात ते पाच नाही.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी नुसती संख्या मोजली होती. ऑगस्टमध्ये एका ऐनावर २२ धुमारे, पुढच्या फेब्रुवारीत ९. दुसऱ्यावर १७ चे ६. तिसऱ्यावर तसंच. मी छान दोन पानं लिहून काढली, की राबामुळे झाडं कशी खचत चालली आहेत, सावरण्याची ताकद कशी संपत आलीये वगैरे. गाईडनी वाचलं आणि एकच विचारलं, “उरलेले नऊ केवढे आहेत?” मला माहीतच नव्हतं. परत एसटी पकडून गेले, तर उरलेले अंगठ्याएवढे जाड, माझ्या डोक्याच्या वर गेलेले, तुकतुकीत. झाड खचत नव्हतं, निवड करत होतं. सुरुवातीला भरमसाट फुटतं आणि मग त्यातल्या त्यात जोरदार असतात ते बाकीच्यांची सावली करून पुढे जातात, हे सगळीकडेच होतं. ती दोन पानं गेली कचऱ्यात.

म्हणून संख्या एकटी कधीच देऊ नका. सगळ्या धुमाऱ्यांचा मिळून एक आकडा काढायचा असेल तर व्यासांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या. १०, ८ आणि ६ मिमीचे तीन धुमारे असतील तर १०० अधिक ६४ अधिक ३६ म्हणजे २००, वर्गमूळ १४.१, म्हणजे १४ मिमीचा एकच धुमारा असता तर जेवढं खोड झालं असतं तेवढं. हाच हिशोब थोटकांचा पण करा, आणि दोघांचं गुणोत्तर घ्या: किती गेलं त्याच्या तुलनेत किती आलं. मला तरी या कामातला सगळ्यात उपयोगी आकडा हाच वाटतो.

अख्ख्या जातीबद्दल ढोबळ बोलायचं असेल तर अजून एक साधी पद्धत आहे. सरासरी किती टक्के भाग गेला, गुणिले किती टक्के झाडं परत फुटली, भागिले शंभर. वीस झाडांचा सरासरी ९० टक्के पसारा गेलाय आणि त्यातली १६ फुटली म्हणजे ८० टक्के, तर ७२. गुणिले का, तर दहा टक्के तोडून शंभर टक्के फुटणं हे काही कौतुक नाही, ते कुठलंही झाड करेल.

किती वेळा जायचं? सुरुवातीला पंधरा दिवसांनी, धुमारा बाहेर आल्याची तारीख पकडायला. मग पावसाळाभर महिन्यातून एकदा, मग पावसाळा संपल्यावर, मग वर्षाने. बहुतेक प्रोजेक्ट सहा महिन्यांचे असतात हे मला माहीत आहे, पण सहा महिन्यात तुम्ही फक्त भरमसाट फुटण्याचा भाग बघता, निवडीचा नाही.

पानं

पानांचं काम घरी किंवा लॅबमध्ये होतं म्हणून लोकांना सोपं वाटतं. पानाचं क्षेत्रफळ भागिले सुकं वजन, यावरून पान पातळ आणि स्वस्तात बनवलेलं आहे की जाड, टिकाऊ, महागडं हे कळतं. दर जातीची निदान पाच झाडं, जमलं तर दहा. पूर्ण उमललेलं, न खाल्लेलं, उन्हातलं पान. ओल्या कागदात गुंडाळून झिपलॉकमध्ये, सावलीत. घरी आल्यावर देठ पाण्यात बुडवून रात्रभर अंधारात ठेवायचं म्हणजे पान पूर्ण टरारतं. सकाळी कागदाने टिपून वजन करायचं, मग स्कॅनरवर ठेवून शेजारी पट्टी ठेवून स्कॅन. इमेजजे नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पट्टीवरून स्केल द्यायचा आणि क्षेत्रफळ निघतं. मग कागदी पाकिटात घालून ओव्हनमध्ये ७० अंशाला ७२ तास. झिपलॉकमध्ये दोन दिवस विसरलात तर बुरशी येते, आणि प्लास्टिकसकट ओव्हनमध्ये टाकणारा पण एक भेटलाय मला, असो.

समजा क्षेत्रफळ ९६०० चौरस मिमी, सुकं वजन ८०० मिलिग्रॅम, तर भागाकार मिलिग्रॅमला १२ चौरस मिमी. टरारलेल्या पानाचं वजन २.४ ग्रॅम होतं तर सुक्याला ओल्याने भागून, म्हणजे ओल्या पानाच्या दर ग्रॅममागे सुका भाग किती, ग्रॅमला ३३३ मिलिग्रॅम. एककं लिहायला विसरू नका, या आकड्यांत लोक सेंटिमीटर-मिलिमीटरची सरमिसळ करतात आणि उत्तर शंभर पटीने चुकतं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, धुमाऱ्याची पानं आणि मोठ्या झाडाच्या शेंड्याची पानं एकाच पाकिटात टाकू नका. सागाचा बुंध्यातून आलेला फुटवा बघितलाय का कधी, पान नाही ते सूप आहे, धान्य पाखडावं असं. तीच जात, तेच मूळ, पण पान वेगळं. तुलना करायला ते छानच आहे, पण वेगळं लेबल लावून. आणि दोन, संयुक्त पानं. पळसाला पानं तीनच ही म्हण आपण सगळेच वापरतो, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने ती तीन पानं नाहीतच, एका पानाच्या तीन पर्णिका आहेत. मोजताना अख्खं पान धरलं की एक पर्णिका, देठ धरला की सोडला, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

लाकडाची घनता, सालीची जाडी, मुळातला स्टार्च हे पण लोक मोजतात. सालीचं वणव्याशी नातं आहे, जाड साल आतल्या डोळ्यांना वाचवते. स्टार्चचा परत फुटण्याशी संबंध सरळ आहे, पानंच नसताना झाड फुटतं ते साठवणीतून. पण पहिल्याच प्रोजेक्टमध्ये हे सगळं घेऊ नका, धड एकही होत नाही.

गवत असेल तर

गवताला झाडाचे नियम लावू नका. तिथे शेंडा चरला तरी डोळा जमिनीलगत शाबूत असतो, त्यामुळे ‘फुटलं का’ हा प्रश्नच फुसका आहे, फुटतंच. प्रश्न हा की भरपाई किती झाली. एक चौरस मीटरची चौकट टाका, काही चौकटी जमिनीपासून ५ सेंमी ठेवून कापायच्या, काही तशाच ठेवायच्या, आणि दोन्हीवर पिंजरा लावायचा, नाहीतर मेंढ्या तुमचा प्रयोग जेवून जातात. कापलेलं पण सुकवून वजन करा आणि परत आलेलं पण. दोघांची बेरीज न कापलेल्याशी ताडून बघा. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत मॅकनॉटन या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात यावर बरंच काम केलं आणि मध्यम चराईने गवत उलट जास्त वाढू शकतं असं मांडलं, त्यावर मग खूप वादही झाले. आपल्याकडे मारवेल आणि कुसळी गवत शेजारी शेजारी असलेल्या माळावर हा प्रयोग अगदी कमी खर्चात होतो. कुसळं धरायच्या आत करा फक्त, नंतर मोजे काढून कुसळं वेचण्यातच संध्याकाळ जाते.

घरी आल्यावर

त्याच रात्री शीटचे फोटो काढून कुठेतरी चढवा. उद्यावर टाकलं की उद्या पाऊस आणि परवा ताप.

गणित करताना एकच सांभाळा. चार झाडांवरचे चाळीस धुमारे म्हणजे चाळीस नमुने नाहीत, चारच आहेत. ती एका आईची लेकरं, एकसारखी असणारच. मॉडेलमध्ये झाडाचा नंबर घाला, किंवा झाडागणिक सरासरी काढून तेवढ्यावरच बोला. याच्यावरून पेपर परत येतात. म्हणून वेळ कमी असेल तर एका झाडावर दिवसभर बसण्यापेक्षा जास्त झाडं घ्या, प्रत्येकावर कमी मोजा.

आणि तो ‘मेलं’ नावाचा कॉलम. पहिल्या वर्षी मी सात झाडं मेलेली लिहिली होती, जून गेला, जुलै गेला, एक डोळा हलला नव्हता. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच वाटेने जात होते, बरोबर तेच शिवरात्रवाले काका होते, त्यांनी एका झाडापाशी थांबून कोयत्याच्या टोकाने साल जराशी खरवडली, आत हिरवं आणि ओलं. म्हणाले, “हे कुठं मेलंय?” त्या सातातली तीन त्या वर्षी बुंध्यातून फुटली. आता माझ्या शीटवर ‘मेलं’ असा कॉलम नाही. ‘फूट दिसत नाही’ आहे, त्याच्यापुढे ‘खरवडल्यावर: हिरवं / तपकिरी’, आणि त्याच्यापुढे तारीख.